इंदूरात नवीन बर्डिंग सुरू करतोयस ना, मग हे आधी वाच

दुर्मिळ पक्ष्यामागे लगेच धावू नकोस, सगळे नवीन लोक हीच चूक करतात. आधी हिवाळाभर सिरपूर तलावावर सकाळी सकाळी जा आणि नेहमीचेच पक्षी ओळख. वारकरी नावाचा पाणपक्षी बघ, काळाकुट्ट अंग अन् कपाळावर गंध लावल्यासारखा पांढरा ठिपका, हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल टिकली, हे एकदा डोळ्यात बसलं की वेगळं काही आलं तर आपोआप खटकतं, रेअर असंच सापडतं बघ.

मग इंदूरजवळचा यशवंत सागर जलाशय, तिथे सारस दिसतात.

- दुर्बीण ८ बाय ४२ (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची), कॅमेरा नंतर.
- मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही.
- घरटं दिसलं तर लोकेशन कुठेही टाकू नको, प्लीज.