भाव पडलेत, निवृत्ती तोंडावर आहे आणि घर भाड्याचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 58, नोकरीची दोन-तीन वर्षं उरलीत, आजवर भाड्यानेच राहिलात. आता घरांचे भाव उतरायला लागलेत आणि भेटेल तो म्हणतोय, ‘हीच वेळ आहे, घेऊन टाका.’ घ्यावं की थांबावं? मी अशी एक मंदी भाडेकरू म्हणूनच काढली आहे, तीही निवृत्तीच्या उंबरठ्यावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घ्यावं की थांबावं याकडे नंतर वळू. त्याआधी एक सांगा, तुमच्या घरमालकाचं कसं चाललंय? भाव पडले की भाडेकरूला वाटतं, आपलं काय जातंय, आपल्या नावावर वीटसुद्धा नाही. पण मालकाने ते घर कर्ज काढून घेतलं असेल, तर तुमच्या डोक्यावरचं छप्पर त्याच्या हप्त्यावर टिकून आहे. अमेरिकेत 2008च्या आसपास हेच झालं. महिन्याच्या महिन्याला चोख भाडं भरणाऱ्या कुटुंबांनाही घरं सोडावी लागली, कारण मालकांनी हप्ते थकवले होते. शेवटी 2009 मध्ये केंद्रीय कायदा करून, जप्ती झालेल्या घरातल्या भाडेकरूला किमान 90 दिवसांची नोटीस द्यायचं बंधन घालावं लागलं. तुमच्याकडे असं काही संरक्षण आहे का, हे वकिलाला आजच विचारून ठेवा. नोटीस दारावर लागल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

मालक अडचणीत आहे हे तो स्वतःहून सांगत नाही, ते ओळखावं लागतं. आमचे मालक पूर्वी एका फोनवर प्लंबर पाठवायचे. मग ‘तुम्हीच करून घ्या, भाड्यातून वळते करा’ सुरू झालं. पुढे भाडं चार दिवस आधी मिळेल का, असा अवघडलेला फोन आला. त्यानंतर त्यांच्या नावाची बँकेची पाकिटं आमच्या पत्त्यावर यायला लागली. आधी साधी, मग पोच म्हणून सही मागणारी. आणि एका रविवारी एजंट घर बघायला दोन कुटुंबं घेऊन दारात उभा. त्यातल्या एका बाईंनी माझं कपाट उघडलं, शर्ट बाजूला सारले आणि आत हात घालून खोली किती ते बघितलं. बाई काही वाईट नव्हत्या, घर घेणारा माणूस कपाट बघणारच. पण आपण इथे राहतो म्हणजे नेमके कोणाच्या मर्जीवर राहतो, हे त्या दिवशी मला लख्ख दिसलं.

मी मालकांना घरी बोलावलं. भाडं कमी करा असं म्हणालोच नाही, राहण्याची पक्की मुदत मागितली. मंदीत भाडेकरूच्या हाती थोडी ताकद येते, कारण रिकामं घर म्हणजे मालकाला दुष्काळात तेरावा महिना. बहुतेक लोक ही ताकद भाड्यात थोडीशी सूट मिळवण्यात खर्च करून टाकतात. तिशीत ते ठीक आहे. साठीजवळ आलेल्या माणसाला भाड्यातल्या सवलतीपेक्षा मुदत मोलाची, कारण पुढचं घर शोधताना पगाराची चिठ्ठी दाखवता येणार नाही आणि निवृत्त भाडेकरू म्हटलं की बरेच मालक का-कू करतात. म्हणून नोकरीत असतानाच लांब मुदतीचा करार करा. घर विकलं तरी करार नव्या मालकावर बंधनकारक राहील आणि कोणत्याही कारणाने घर सोडायचं झालं तर सहा महिन्यांची नोटीस मिळेल, ही दोन कलमं त्यात घाला. आमचे मालक तयार झाले. खात्रीचं भाडं बँकेला दाखवता येणं ही त्यांचीही गरज होती. मात्र कर्ज देणाऱ्या बँकेचा हक्क तुमच्या कराराच्या वर ठरतो की नाही, हे कायद्यावर अवलंबून असतं, तेही वकिलाकडून समजून घ्या.

भाव पडले म्हणजे भाडीही पडतील, या आशेवर हिशोब मांडू नका. अमेरिकेत 2006 ते 2012 या काळात घरांच्या किमती देशभराच्या सरासरीने चौथ्या हिश्श्याहून जास्त उतरल्या, भाडी मात्र जेमतेम थबकली. ज्यांची घरं गेली ती माणसंही भाड्याचीच घरं शोधायला लागली ना! स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण तिथे 2004 मध्ये 69 टक्क्यांवर होतं, ते 2016 पर्यंत 63 टक्क्यांच्या आसपास आलं.

अनामत रकमेचंही तेच. ती परत करायला मालकाच्या हातात पैसे असावे लागतात. दक्षिण कोरियात ‘चोन्से’ नावाची पद्धत आहे. दरमहा भाडं नाही, त्याऐवजी घराच्या किमतीच्या निम्मी किंवा त्याहूनही जास्त रक्कम मालकाकडे ठेवायची. 2022-23 मध्ये भाव उतरले आणि कित्येक मालकांना ती परत करता येईना. काहींनी तर सरळ फसवणूकच केली होती. आयुष्याची पुंजी अडकलेल्या भाडेकरूंसाठी 2023 मध्ये खास कायदा करावा लागला. तेव्हा जास्त डिपॉझिट घ्या आणि भाडं कमी करा, असा सौदा मंदीत कितीही गोड वाटला तरी नको.

आता घर घेण्याबद्दल. किंमत उतरली एवढंच लोक बघतात. ती बऱ्याचदा व्याजदर चढले म्हणून उतरलेली असते. 15 वर्षांचं कर्ज 6 टक्क्यांऐवजी 9 टक्क्यांनी मिळालं, तर त्याच रकमेचा हप्ता सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे किंमत आणि कर्ज 17 टक्क्यांनी उतरले तरी तुम्ही जिथल्या तिथे. शिवाय 58व्या वर्षी 15 वर्षांची मुदत देणार कोण? मुदत आखडली की हप्ता आणखी फुगतो.

आणि तळ कधी येणार? आयर्लंडमध्ये 2007 पासून भाव पडायला लागले, 2013 पर्यंत जवळजवळ निम्म्यावर आले आणि जुनी पातळी गाठायला 2022 उजाडलं. जपानमध्ये 1991 नंतर जमिनीच्या किमती दीड दशकाच्या आसपास घसरतच राहिल्या. तिशीतला माणूस 15 वर्षं थांबू शकतो. तुमच्या वयात 15 मिळवले की 73 होतात. त्या वयात हात तंग झाला म्हणून घर विकायला काढणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

‘स्वस्तात मिळतंय’ म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो. त्यासाठी विकताय काय? अशा वेळी शेअर बहुधा शाबूत नसतात. अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक ऑक्टोबर 2007 ते मार्च 2009 मध्ये 57 टक्क्यांच्या आसपास कोसळला होता. निम्म्या भावात फंड विकून पाऊणपट भावातलं घर घेतलं, तर ती खरेदी स्वस्त कशी? निवृत्तीची पहिली काही वर्षं बाजाराच्या दृष्टीने वाईट निघाली आणि त्याच काळात पुंजी मोडावी लागली, तर पुढे बाजार सुधारूनही ती भरून येत नाही. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी 1994 मध्ये पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत पैसे काढण्याचा जो हिशोब मांडला, तो अशाच वाईट काळात निवृत्त झालेल्यांना समोर ठेवून.

सगळ्यांनी भाड्यानेच राहावं असं माझं म्हणणं नाही. कर्ज न काढता घर येत असेल, ते घेतल्यावरही निदान दहा वर्षांचा खर्च वेगळा उरत असेल आणि जिना चढवेनासा झाल्यावरही तिथे राहता येणार असेल, तर भाव आणखी उतरतील का याची फिकीर न करता खुशाल घ्या. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तसं दिसत नाही. कर्ज काढावं लागणार, आणि उरलेली सगळी शिल्लक भिंतींत जाणार. मी तुमच्या जागी असतो तर घेतलं नसतं. त्याऐवजी दोन वर्षांचं भाडं कुठल्याही चढउताराबाहेर, मुदत ठेवीत बाजूला काढलं असतं. मंदीत पन्नाशी ओलांडलेल्यांच्या नोकऱ्या गेल्या की दुसरी मिळायला फार वेळ लागतो आणि ठरवलेली निवृत्ती दोन वर्षं आधीच गळ्यात पडते.

नातेवाईक बोलणारच. भाव चढत होते तेव्हाही ‘घ्या’ म्हणत होते, आता पडतायत तरी ‘घ्या’च म्हणतायत. त्यांच्यासाठी योग्य वेळ नेहमी आजच असते.

तुमचा सध्याचा करार कधी संपतो आणि मालकांवर त्या घराचं कर्ज आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मालकी हक्काच्या नोंदी जिथे खुल्या असतात तिथे कर्जाचा बोजा त्यांत दिसतो. नसतील तर मालकांनाच विचारा. ते आढेवेढे घ्यायला लागले, तर कराराचं बोलणं पुढच्या महिन्यावर ढकलू नका.