स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमला ग्राहकाचा अँटिव्हायरस ट्रोजन म्हणतो. सर्टिफिकेट विकत घेतलं की हे थांबेल का?

अर्धं थांबेल. तुम्ही लिहिलंय की दुकानासाठी बनवलेली बिलिंगची ईएक्सई (विंडोजवर चालणारी प्रोग्रॅमची फाइल) ग्राहकाच्या मशीनवर टाकली की गायब होते आणि सगळे ‘सर्टिफिकेट घे’ एवढंच सांगतात. सर्टिफिकेटचं, म्हणजे प्रोग्रॅमवर डिजिटल सही करायच्या सर्टिफिकेटचं, खाली लिहितो. आधी नंदुरबारच्या मिरची बाजारातलं एक प्रकरण, कारण नेमकं कुठे बिघडतं ते त्यात दिसतं.

शहाद्याच्या एका मुलाने तिथल्या आडत्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन सिरीयल पोर्टवरून वाचायचं, भाव टाकायचा, हमाली-तोलाई धरून शेतकऱ्याची हिशोबपट्टी छापायची. पायथनमध्ये लिहिलेला, पायइन्स्टॉलर या टूलने त्याची एकच ईएक्सई केलेली. ऐन हंगामात अँटिव्हायरस अपडेट झाला आणि ईएक्सई क्वारंटाइनमध्ये (अँटिव्हायरसच्या कोंडवाड्यात) गेली. आडत्याचा त्याला फोन: “भाऊ, तुना प्रोग्रॅममा व्हायरस शे.” दुरुस्तीवाला आला, त्याने अँटिव्हायरसच बंद केला आणि जाताना ‘लोकल पोरांची सॉफ्टवेअरं अशीच असतात’ म्हणून दुसरं पॅकेज पुढे केलं. मुलाचे उरलेले पैसे अडकले. या दोन्ही सल्ल्यांशी माझं जुनं भांडण आहे.

कारण शोधायला अर्धा दिवस पुरतो. त्याच टूलने, त्याच सेटिंगने एक रिकामी खिडकी दाखवणारा प्रोग्रॅम बनवा आणि त्याच अँटिव्हायरसने तपासा. इथे रिकामी खिडकीसुद्धा ट्रोजन निघाली. म्हणजे मुलाच्या कोडचा संबंधच नव्हता. पायइन्स्टॉलर प्रोग्रॅम सुरू करून देणारा छोटा तयार तुकडा, म्हणजे बूटलोडर, जोडून देतो, आणि मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) लिहिणारेही तोच बूटलोडर वापरतात. शिवाय वनफाइल प्रकारात, म्हणजे सगळं एकाच फाइलमध्ये भरलं की, ईएक्सई चालू होताना टेम्प फोल्डरमध्ये ‘_एमईआय’ने सुरू होणारं फोल्डर करून सगळं त्यात उलगडते आणि तिथून चालवते. मालवेअर टाकणारे ड्रॉपरही हेच करतात, त्यामुळे अँटिव्हायरसमधल्या मशीन लर्निंग मॉडेलचा अंदाज तिकडे झुकतो. डिफेंडरने (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने) दिलेल्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि ‘एमएल’ असेल, तर तो असाच मॉडेलचा अंदाज आहे, ओळखलेला व्हायरस नव्हे.

उपाय या क्रमाने झाला. वनफाइल सोडून वनडिर, म्हणजे सगळ्या फाइल एका फोल्डरात सुट्या. ईएक्सई आकुंचित करणारं यूपीएक्स बंद, कारण आकुंचित केलेली ईएक्सई आतून वाचता येत नाही म्हणूनच संशयित ठरते. पायइन्स्टॉलरचा सोर्स उतरवून, मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर टाकून, बूटलोडर फोल्डरात ‘वाफ ऑल’ ही बांधणीची आज्ञा चालवून स्वतःचा बूटलोडर बांधला आणि त्याच सोर्समधून पायइन्स्टॉलर बसवला. ईएक्सईत कंपनीचं नाव, आवृत्ती, वर्णन भरलं. प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्समध्ये आणि डेटा प्रोग्रॅमडेटामध्ये, म्हणजे रोजच्या कामाला ॲडमिनचा हक्क मागावा लागत नाही. यानंतर रिकामी खिडकी स्वच्छ आली, खरा प्रोग्रॅम मात्र पुन्हा अडकला. मग एकेक मॉड्यूल जोडत गेलो. काटा वाचणारा भाग निर्दोष. अपडेट करणारा भाग नवी ईएक्सई टेम्पमध्ये उतरवून गुपचूप चालवत होता, तो दोषी. त्याऐवजी ‘नवी आवृत्ती आली आहे’ एवढा निरोप ठेवला आणि प्रकरण मिटलं. बारकोडसाठी अख्ख्या विंडोजवर कीबोर्ड हुक (प्रत्येक कळ पकडणारा कोड) लावणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं: तो टाइप केलेलं चोरणाऱ्या कीलॉगरसारखाच दिसतो. आपल्या खिडकीत टेक्स्टबॉक्सला फोकस द्या, स्कॅनर तिथेच टाइप करतो.

एवढं करूनही अँटिव्हायरसने प्रोग्रॅमला व्हायरसचं नाव दिलं तर तक्रार त्या अँटिव्हायरस कंपनीकडेच करायची. फाइल, डिटेक्शनचं अचूक नाव, डेफिनिशनची (व्हायरस ओळखायच्या यादीची) आवृत्ती आणि प्रोग्रॅम काय करतो ते दोन ओळींत. मायक्रोसॉफ्टच्या फाइल सबमिशन पानावर स्वतःला सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून निवडा आणि ‘चुकीने ओळखलं’ हा पर्याय घ्या. व्हायरसटोटलवर (एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांनी तपासणाऱ्या साइटवर) सात-आठ लाल खुणा बघून घाबरू नका. काही कंपन्या बिटडिफेंडरचं इंजिन परवान्याने वापरतात, तिथे मूळ इंजिन सुधारलं की बाकीची नावंही गळतात. पण ग्राहकाचा डेटा किंवा पासवर्ड आत असलेली फाइल तिथे चढवू नका, पैसे भरणाऱ्या सदस्यांना ती उतरवता येते.

आता सर्टिफिकेट. निळी ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ खिडकी येते ती विंडोजमधल्या स्मार्टस्क्रीनची. ती व्हायरस शोधत नाही, फाइल ओळखीची आहे का एवढंच बघते. सही नसेल तर ओळख फक्त फाइलच्या हॅशला (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाला) मिळते, आणि प्रत्येक नव्या बिल्डचा हॅश नवा. दर आठवड्याला बिल्ड काढणाऱ्याची ओळख कधीच साठत नाही. सही असली की ती सर्टिफिकेटवर साठते. तेवढ्यासाठी घ्या, पण अँटिव्हायरस सही बघून गप्प बसेल या आशेवर नको. जास्त पडताळणीचं महागडं ईव्ही सर्टिफिकेट घेतलं की पहिल्या दिवसापासून निळी खिडकी जाते, हेही आता जुनं झालं. 2024 पासून मायक्रोसॉफ्टने ती सवलत काढली. जून 2023 पासून खाजगी की (सही करायची गुप्त किल्ली) हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशाच सुरक्षित यंत्रणेत ठेवावी लागते. सही करताना टाइमस्टॅम्प (सही केल्याच्या वेळेची नोंद) न चुकता टाका, नाहीतर सर्टिफिकेट संपलं की जुने सेटअपही अवैध. फक्त सेटअपवर नव्हे, आतल्या ईएक्सईवरही सही करा.

चुका मोठ्यांच्या बाबतीतही होतात. सप्टेंबर 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच अँटिव्हायरसने गूगल क्रोमला झेडबॉट ट्रोजन ठरवून लोकांच्या मशीनवरून काढलं होतं. दुरुस्ती काही तासांत आली, कारण समोर गूगल होतं. शहाद्याच्या मुलाला तोच न्याय मिळायला हवा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: प्रत्येक इशारा खोटा नसतो. 2009 मधला इंड्यूक व्हायरस डेल्फी या प्रोग्रॅम बनवायच्या टूलच्या सिसकॉन्स्ट फाइलमध्ये शिरत होता, त्यामुळे त्या मशीनवर बांधलेला प्रत्येक प्रोग्रॅम बाधित निघायचा आणि लिहिणारे प्रामाणिकपणे ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ (खोटा इशारा) म्हणत राहायचे. आपल्याकडे क्रॅक केलेला विंडोज आणि गावभर फिरलेला पेनड्राइव्ह यांतून ईएक्सईला चिकटणारे सॅलिटीसारखे व्हायरस आजही येऊ शकतात. म्हणून आधी तुमच्या मशीनवर आणि ग्राहकाकडे विंडोजमधल्याच सर्टयूटिल आज्ञेने त्या ईएक्सईचा एसएचए-256 हॅश काढा. दोन्ही जुळले नाहीत तर फाइल वाटेत बदलली आहे, अँटिव्हायरस कंपनीला दोष देऊ नका. जुळले तरी बिल्डचं मशीन दुसऱ्या अँटिव्हायरसने तपासून मगच तक्रार पाठवा.

आणि दुरुस्तीवाल्यांना: अँटिव्हायरस बंद करणं हा उपाय नाही. त्याच मशीनवर आडत्याचं नेट बँकिंग आणि जीएसटीचा पासवर्ड असतो. काम अडलं असेल तर हॅश जुळवून तेवढी एकच फाइल क्वारंटाइनमधून परत आणा आणि सूट त्या एका फाइलच्या पूर्ण पथाला द्या, डाउनलोड्स किंवा टेम्प फोल्डरला कधीच नाही. सुधारित डेफिनिशन आली की ती सूट काढून पुन्हा स्कॅन करा.