एम ५१ चा धूसर पसारा पकडायचा तर

तू काढलेला एम ५१ या सर्पिल दीर्घिकेचा फोटो पाहिला. दोन्ही सर्पिल बाहू छान आलेत, पण शेजारच्या एनजीसी ५१९५ या छोट्या दीर्घिकेभोवतीचा धूसर पसारा साफ गायब आहे. मोठी दुर्बीण घ्यायचा विचार आधी डोक्यातून काढ, तुझी ६ इंची पुरेशी आहे. कमी पडतोय तो प्रकाश टिपायचा वेळ. फोटोतल्या दाणेदार गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल, म्हणजे खरा प्रकाश, एकूण वेळेच्या वर्गमुळाने वाढतो. तुझी ४० मिनिटं धरली, तर दुप्पट सुधारणेला १६० मिनिटं हवीत. दोन-तीन रात्रींच्या फ्रेम्स एकत्र स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून सरासरी काढली, तरी चालतात.

नॅरोबँड फिल्टर (रंगाचा एखादाच अरुंद पट्टा आत सोडणारा) घेऊ नकोस. तो तेजोमेघांना तारतो. दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला; शहरातल्या दिव्यांबरोबर फिल्टर तोही खातो. ते पैसे पेट्रोलला ठेव. एप्रिलच्या अमावास्येला अंधाऱ्या गावी जा, मध्यरात्रीच्या सुमारास एम ५१ उत्तरेला साठेक अंशांवर असते.

फ्लॅट्स, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, मात्र न चुकता घे; त्यांच्या मदतीने धुळीचे डाग काढता येतात. पहिल्या वर्षी मी कंटाळा केला आणि सेन्सरवरच्या धुळीचा डाग दीर्घिकेची शेपटी म्हणून मित्रांना कौतुकाने दाखवत फिरलो! डिदरिंगही, म्हणजे फ्रेम्सच्या मध्ये दुर्बीण किंचित सरकवणं, चालू ठेव.

आणि प्रोसेसिंग करताना आभाळ काळंकुट्ट करायचा मोह आवर. ब्लॅक पॉइंट (ज्याखालचं सगळं पूर्ण काळं होतं ती पातळी) पुढे ओढलास की धूसर भाग तिथेच कापला जातो. ग्रेडियंट, म्हणजे आभाळाचा असमान उजेड, काढतानाही तो मोजायचे नमुना-बिंदू दीर्घिकेपासून चांगले लांब ठेव, नाहीतर सॉफ्टवेअर तो पसाराच आभाळ समजून पुसून टाकेल.