गॅस सोडला की गाडी फिरते

प्रश्न: असेटो कॉर्सा या कार रेसिंगच्या गेममध्ये जीटी३ गाड्या (आजच्या रेसिंग स्पोर्ट्स कार) मला बऱ्या जमतात. पण १९६७ ची लोटस ४९ ही फॉर्म्युला वन गाडी घेतली की वळणात शिरतानाच गाडी गरकन फिरते. गॅस अगदी जपून देतो, तरी तेच. सेटअप (गाडीची जुळवणी) बदलू का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: सेटअपला तूर्त हात लावू नका. ‘वळणात शिरतानाच’ असं तुम्हीच लिहिलंय, दुखणं तिथेच आहे. गॅस दिल्याने नव्हे, तो झटकन सोडल्याने गाडी फिरतेय. जीटी३ मध्ये एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (गॅस देताना चाकं घसरू न देणारी यंत्रणा) आणि मागचा पंख तुम्हाला सांभाळून घेतात. लोटसला यातलं काहीच नाही. वजन जेमतेम ५०० किलो, मागे ३ लिटरचं कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन, ताकद ४०० अश्वशक्तीच्या आसपास. पाय उचलला की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि नेमकं तेव्हाच इंजिन त्यांना रोखू लागतं.

म्हणून ब्रेक लावायचं काम स्टीअरिंग सरळ असतानाच उरका. ब्रेक धरून वळणात शिरायची जीटी३ ची सवय इथे महागात पडते. गिअर उतरवायची घाईही नको. चौथ्यावरून तिसरा टाकताना गॅसला टिचकी न देता क्लच सोडला, तर मागची चाकं क्षणभर जाम होतात, चालत्या गाडीचा हँडब्रेक ओढल्यासारखी. वेग बराच उतरू द्या, मग एकेक गिअर. क्लच दाबलेला, पंजा ब्रेकवर आणि त्याच पायाच्या कडेने गॅसला टिचकी. हे बसेपर्यंत ऑटो-ब्लिप (गिअर उतरवताना गॅसची टिचकी गेमच देतो ती सोय) चालू ठेवा, त्यात कमीपणा कसला?

स्टीअरिंग वळवताना गॅस १५–२० टक्के धरून ठेवा. हा गॅस वेगासाठी नाही, मागची चाकं दबलेली राहावीत म्हणून. त्या काळचे क्रॉस-प्लाय (जुन्या बांधणीचे) टायर थोडे तिरके घसरतच वळतात, त्यामुळे मागचं टोक जरा तरंगणारच. घाबरून पाय उचललात की संपलं. उलटं स्टीअरिंग दिलंत तर पकड परत येताच तितक्याच चपळाईने सरळ करा. बरेच जण पहिल्या घसरणीत वाचतात आणि उलट बाजूच्या झटक्यात गवतात जातात.

सरावाला सिल्व्हरस्टोनचा १९६७ चा ट्रॅक घ्या. पहिल्या दोन फेऱ्या टायर तापवायला, मग दहा फेऱ्या चौथ्या गिअरमध्येच, ब्रेकला न शिवता. वेळ बघू नका. एवढं करूनही ब्रेक लावताना मागची बाजू सुटत असेल, तर ब्रेक बायस (पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) २–३ टक्के पुढे न्या. त्याने पुढची चाकं आधी लॉक होतील आणि गाडी सरळ जाऊ पाहील. हात बसला की बायस परत मागे आणा.

प्रश्न: लॉजिटेक जी२९ (गेमसाठीचं स्टीअरिंग आणि पेडल) चा ब्रेक न दाबताही वळणात मधूनच लागतो.
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर: पेडलच्या पोटेन्शिओमीटरमध्ये (पेडल किती दाबलंय ते मोजणाऱ्या भागात) धूळ गेली असावी. गेममधलं पेडल्स अ‍ॅप उघडून ब्रेकची पट्टी बघा. पाय लांब असताना ती थरथरली तर निदान पक्कं. वायर काढा, खोलून आत इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा, पेडल वीस-पंचवीसदा दाबा, पूर्ण वाळू द्या. घरातलं गंजावरचं तेल मारू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. आणि पेडल कूलरच्या झोतात ठेवू नका.

प्रश्न: स्टीअरिंग जड लागतं, पण गाडी घसरतेय ते हाताला कळत नाही.
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: फोर्स फीडबॅकचा (स्टीअरिंग हाताला देतं त्या प्रतिसादाचा) जोर जास्त झालाय. वर सांगितलेल्या पेडल्स अ‍ॅपमधली फीडबॅकची पट्टी वळणात लाल होते का, म्हणजे जोर मर्यादेला लागतो का, बघा. होत असेल तर लाल व्हायची थांबेपर्यंत गेन (फीडबॅकचा जोर) ५–५ टक्क्यांनी उतरवा.