एमएस झालाय म्हणून मेकॅनिकल सोडायचं का?

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आधी एका डोळ्याने अंधुक दिसू लागलं, काही महिन्यांनी पाय बधिर झाले. एमआरआयनंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस) निदान झालं. स्टिरॉइडने उतार पडलाय, आता इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू आहेत. नातेवाईक म्हणतात, इंजिनिअरिंग सोडा, घरी बसून बी.ए. करू दे. काय करावं? मुलाखतीत आजार सांगायचा का?
— एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : शाखा बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. झटक्यानंतर नसा सावरायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. आज जे जमत नाही त्यावरून चाळीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब मांडू नये. आणि मुलीला बी.ए. करायचंय का, हे पत्रात कुठेच नाही.

एमएसमध्ये स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. तरुण वयात आजार बहुधा झटक्यांनी येतो आणि मधला काळ बरा जातो. इंजेक्शनं पुढचे झटके कमी करण्यासाठी आहेत. बरं वाटतंय म्हणून ती परस्पर थांबवली, की सगळं नियोजन कोलमडतं. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात, म्हणून पुढे हॉस्टेल किंवा परगावची नोकरी बघताना फ्रिज आणि न्यूरॉलॉजिस्ट या दोन गोष्टी पगाराआधी विचारा.

करिअर ठरवताना खरा अडसर उष्णतेचा आहे. आवरण झिजलेल्या नसेतून जाणारा संदेश शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी अडखळतो. मे महिन्यात भर दुपारी स्कूटीवरून घरी आली की डोळ्यांपुढे अंधुक होईल, पाय जड पडतील. गार जागी बसून पाणी प्यायल्यावर ते ओसरलं, तर तो नवा झटका नव्हे. ताप किंवा लघवीचा संसर्ग नसताना त्रास २४ तासांपेक्षा जास्त टिकला, तर मात्र डॉक्टरांना लगेच फोन करा.

म्हणजे सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या फोर्जिंग, फाउंड्री, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीजवळच्या जागा आणि तिसरी पाळी वगळा. पण मेकॅनिकल म्हणजे तेवढंच नाही. कॅडवरचं (संगणकावरचं) डिझाइन, अ‍ॅनालिसिस, टूल डिझाइन, क्वालिटी ही कामं बसून होतात. मेट्रॉलॉजीकडे, म्हणजे पार्टच्या अचूक मोजमापाच्या कामाकडे, तर मुद्दाम बघा. पार्टचं माप २० अंश सेल्सिअसला धरलं जातं, त्यामुळे सीएमएम या माप घेणाऱ्या मशीनची खोली वर्षभर त्याच तापमानाला ठेवतात. ती सोय पार्टसाठी असते, पण आयता फायदा मुलीचा. तिसऱ्या वर्षाची इंटर्नशिप अशाच विभागात मागा.

दुसरी अडचण थकव्याची. रात्रभर झोपूनही तो येतो, त्याला आळस म्हणू नका. दोन आठवडे तिने दर दोन तासांनी आपली ताकद दहापैकी किती, ते वहीत लिहावं. बहुतेकांची सकाळ चांगली जाते. तसंच दिसलं तर कॉलेजला अर्ज देऊन वर्कशॉप आणि प्रॅक्टिकलची सकाळची बॅच मागता येईल.

कागदपत्रं आत्ताच करून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस नावानिशी आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) अर्ज करा आणि तपासणीला एमआरआय व न्यूरॉलॉजिस्टचे कागद न्या. दिव्यांगत्वाची टक्केवारी उरलेल्या त्रासावर ठरते, निदानावर नाही, त्यामुळे बऱ्या काळात ती ४० च्या खाली येऊ शकते. ४० किंवा जास्त आली तर सरकारी व अनुदानित संस्थांत उच्च शिक्षणाला ५ टक्के आरक्षण आहे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्क्यांच्या यादीत मात्र एमएसचा उल्लेख नाही, त्या भरवशावर राहू नका. लिहिताना हात साथ देत नसेल तर परीक्षेत लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. अर्ज परीक्षा फॉर्मसोबतच द्या. हॉल तिकीट आल्यावर धावपळ केली तर बहुधा हात हलवत परत यावं लागतं.

मुलाखतीत आपणहून आजार सांगायची गरज नाही. तिथे तिचं काम बघू दे. ऑफर लेटर आल्यावर, रुजू होण्याआधी एचआरला लेखी कळवा आणि सोबत नेमकी मागणी ठेवा : दिवसपाळी, एसीजवळची जागा, तपासणीच्या दिवशी सुट्टी. मेडिकल फॉर्ममध्ये थेट विचारलं असेल तर खोटं लिहू नका. ते उघड झालं तर नोकरी जाऊ शकते आणि विम्याचा क्लेमही अडतो. कंपनीच्या ग्रुप विम्यात आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेत का, तेही तेव्हाच विचारा. वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

दोन आठवड्यांची ती वही आणि गुणपत्रिका घेऊन पुढचं पत्र मुलीलाच लिहू द्या. कोणते विषय आवडतात, तेही तिने लिहावं, म्हणजे इंटर्नशिपचा विभाग ठरवता येईल.