पुनर्नवेचे मूळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या बांधावर घेटुळी भरपूर उगवते. हीच पुनर्नवा का, आणि ओळखावी कशी? (कसबा बावडा)

उत्तर : होय, घेटुळी म्हणजेच पुनर्नवा. उन्हाळ्यात तिचा वरचा पसारा वाळून जातो आणि पावसाला सुरुवात होताच जमिनीतल्या मुळापासून ती पुन्हा फुटते, म्हणून हे नाव. मात्र तिच्यासारखीच जमिनीवर पसरणारी, मांसल पानांची दुसरी एक वनस्पतीही पुनर्नवा म्हणून विकली जाते. त्या वनस्पतीचे फूल पानाच्या बेचक्यात एकेकटे बसलेले असते. घेटुळीची बारीक गुलाबी फुले नाजूक देठांवर झुबक्यांनी येतात आणि तिची फळे चिकट असल्यामुळे बांधावरून चालून आलात, की ती साडीच्या काठाला चिकटून घरापर्यंत येतात. ही खूण मला पुस्तकी वर्णनापेक्षा अधिक भरवशाची वाटते. वाळवून तुकडे केलेल्या मुळाला अशी कोणतीच खूण उरत नाही. मुळांची गल्लत किती महागात पडते, हे १९९३ मध्ये बेल्जियममधून आलेल्या अहवालाने दाखवून दिले : वजन उतरवण्याच्या औषधात एका चिनी मुळाच्या जागी ईश्वरीच्या कुळातील मूळ पडले होते आणि त्यातील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी केली.

प्रश्न : उन्हाळी लागल्यावर, म्हणजे लघवीला जळजळ होत असताना, पुनर्नवेच्या मुळाचा काढा घेतला तर चालेल का? (राजारामपुरी)

उत्तर : आयुर्वेदात हे मूळ मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारे, आणि सूज उतरवणारे मानले आहे. पाणी कमी पडल्याने होणारी जळजळ बहुधा पुरेसे पाणी प्यायल्यानेच शमते. पण जळजळीसोबत थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, लघवीतून रक्त गेले, किंवा रुग्ण गर्भवती असेल, तर काढा उकळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लघवीची तपासणी करून घ्यावी. लघवीचे प्रमाण वाढले म्हणजे जंतुसंसर्ग बरा झाला, असे होत नाही.

प्रश्न : उसाचे मूळही लघवीसाठी औषधी आहे, असे गुऱ्हाळावर ऐकले. खरे आहे का? (करवीर तालुका)

उत्तर : खरे आहे. चरकसंहितेतील तृणपंचमूळात, म्हणजे पाच गवतवर्गीय मुळांच्या गटात, शर, ऊस, दर्भ, काश आणि साळ (भात) या पाचांची मुळे येतात. म्हणजे त्यातील दोन पिके तुमच्या शिवारातच उभी आहेत. काढा करताना आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांच्या रीतीने औषधाच्या सोळापट पाणी घालून ते अष्टमांश उरेपर्यंत आटवतात. तरीही खोडवा मोडताना निघालेली मुळे मी कोणाला घ्यायला सांगणार नाही, कारण त्या जमिनीत तणनाशके आणि कीटकनाशके पडलेली असतात आणि मूळ धुतले तरी ती सगळी निघून जात नाहीत. शिवाय गुऱ्हाळाच्या चुलाणापाशी दिवसभर घाम गाळणाऱ्याला मूतखड्याचा धोका असतो तो मुख्यतः पाणी कमी प्यायल्याने. आधी पाण्याची कळशी जवळ ठेवावी.

प्रश्न : वडिलांचे क्रिएटिनिन वाढले आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. पुनर्नवा द्यावी का? (रंकाळा परिसर)

उत्तर : स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये. या वनस्पतीत पोटॅशियमचे क्षार बऱ्यापैकी असतात. क्रिएटिनिन वाढणे ही बहुधा मूत्रपिंडे दुबळी झाल्याची खूण असते. अशा मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकणे जमत नाही, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ते आणखी साठते आणि फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. काढा आधीच सुरू केला असेल, तर तो थांबवून रक्तातील पोटॅशियम लगेच तपासून घ्यावे आणि डॉक्टरांकडे जाताना मुळाचा डबाही सोबत न्यावा.