कढीपत्त्याच्या कुंडीपासून सुरुवात करा

प्रश्न : ताई, मुलगा सहा वर्षांचा आहे. सायन्स किट आणून दिलं, ते दोन दिवसात कोपऱ्यात गेलं. पण सोसायटीच्या गार्डनमध्ये नेलं की मुंग्या, पानं, दगड सगळं दाखवत "हे असं का?" चालूच. मी कॉमर्सची, मोबाईलवर शोधून वाचून दाखवते तोवर तो पळालेला असतो. बाहेर नेऊन सायन्स शिकवायचं म्हणजे नक्की करायचं काय?
– एक आई, ऐरोली

उत्तर : कॉमर्सचं टेन्शन घेऊ नका आणि मोबाईल पर्समध्येच राहू दे. त्याने "का?" विचारलं की "तुला काय वाटतं रे?" विचारा आणि मग दोघं मिळून बघत बसा, या वयात एवढं पुरतं, खरंच.

कढीपत्त्याची नाहीतर लिंबाची कुंडी आहे का? पावसाळ्यात पानं नीट बघा, पक्ष्याची शीट पडल्यासारखं काळंपांढरं काही दिसलं तर पुसू नका, ती बहुतेक फुलपाखराची अळी असते, शीट समजून पक्षी तिला सोडून देतात. काही दिवसांनी कात टाकून तीच हिरवीगार होते, मग पानात शोधूनही सापडत नाही. काडीने हळूच डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंग काढते आणि उग्र वास सोडते, त्या वेळी पोरांचे चेहरे बघावेत! पुढे कोष, तो रोज शाळेत जायच्या आधी बघायचा. कधीकधी त्यातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी निघते, तो रडेल, तरी लपवू नका, तिच्या आईने आपली अंडी त्यातच घातलेली असतात हे सांगा.

आणि तुम्ही तर खाडीच्या काठावर राहता! ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात जा, तिथे तिवरं बघायला मिळतात. तिवराच्या पानावर मिठाचे कण चकाकतात, खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ झाड पानातून बाहेर टाकतं. बोट फिरवून बघू दे, चाटू देऊ नका. चिखलातून पेन्सिलीसारख्या वर आलेल्या मुळ्या दाखवा, चिखलात हवा नाही म्हणून झाड त्यातून श्वास घेतं. भरती आणि ओहोटी, दोन्ही वेळा न्या, ओहोटीला खेकडे दिसतील.

एक वही करा, तारीख तुम्ही लिहा, चित्र तो काढेल. आणि केसाळ सुरवंटाला हात लावू देऊ नका, फार खाज येते.